एका भरतीत एकच ऑपरेशन

मंडळी, ऐका! आज गोष्टीच्या आधी एक प्रश्न आहे.

एक माणूस आहे. हात तोच, विद्या तीच, देवघरातला देवही तोच. बदललं एकच – त्याला पैसे द्यायची रीत. मग त्याच्या हातून होणारं काम बदलेल का?

पुढचे काका मान हलवतायत. नाही म्हणतायत! माणूस चांगला असेल तर कशाला बदलेल, असं ना? बरं. आणि त्या खांबाला टेकलेल्या मावशी हसतायत. काय हो मावशी? – "बदलंल की!" – ऐकलंत? काका एक म्हणतात, मावशी एक म्हणतात. निकाल मी देत नाही. गोष्ट सांगतो, तुम्ही ठरवा.

पण लांब कशाला, आधी माझंच घ्या. या देवळात कीर्तनाची बिदागी ठरलेली आहे. कमी बोला, जास्त बोला, तेवढीच. उद्या विश्वस्तांनी तासावर द्यायची ठरवली तर? अहो, रामाचा वनवास चौदा वर्षांचा – मी तो पुरा चौदा वर्षं सांगेन! आणि हशावर दिली तर? मग राम नाही आणि वनवास नाही, नुसते विनोद! बरं, मी काही भामटा नाही हो. मला मनापासून वाटेल की लोकांना हेच हवंय. यातली गोम तीच आहे. मनापासून वाटेल!

थांबा हो तबलजी, ठेका आत्ता नको. अजून माणसं यायची आहेत गोष्टीत.

तर एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे तिथले व्याही निघतील. त्या गावात एक धर्मादाय दवाखाना. एका व्यापाऱ्याने आईच्या नावाने बांधलेला – सगुणाबाई दवाखाना. वीस खाटा, एक ऑपरेशनची खोली, पाच विश्वस्त. आणि ऑपरेशन करणारे एकच डॉक्टर – सदानंद मुळ्ये. शांत माणूस. रोग्याला अहोजाहो करणारा. दौऱ्यावर निघाले की आधी खाटेवरच्या म्हातारीला विचारणार, "जेवलात का?" हाताला यश होतं. लोक लांबून यायचे.

आता रीत ऐका. विश्वस्तांनी डॉक्टरांशी ठरवलं होतं – जितकी ऑपरेशनं, तितके पैसे. एका ऑपरेशनमागे अमुक. सरळ व्यवहार, नाही का? काम करा, दाम घ्या.

पहिल्या वर्षी त्या दवाखान्यात अपेंडिक्सची ऑपरेशनं झाली एकसष्ट. चौथ्या वर्षी झाली एकशे अठ्ठ्याण्णव! मंडळी, गाव तेच, पाणी तेच, लोकही तेच. मग लोकांच्या पोटात झालं काय? अपेंडिक्सची साथ येते का कधी? पटकीची येते, गोवराची येते. अपेंडिक्सची ऐकलीय कोणी?

मग डॉक्टर खोटं बोलत होते का? नाही! एकदाही नाही. पोटात दुखतंय म्हणून माणूस यायचा. दहांतल्या तिघांचं नक्की अपेंडिक्स असायचं, तिघांचं नक्की नसायचं. उरलेले चार? त्यांच्याबद्दल शंका! आणि शंका आली की डॉक्टर म्हणायचे, "काढून टाकू. उगाच पुढे धोका नको." हेही मनापासून!

हे नीट धरा मंडळी. पैसा चांगल्या माणसाला खोटं बोलायला लावत नाही. शंका आली की कुठल्या बाजूला झुकायचं, तेवढं तो ठरवतो. आणि रोग्याच्या शरीरात शंकेला जागा भरपूर!

पुढे काय झालं? दवाखान्यात एक योजना आली. गरिबांवर मोफत उपचार. प्रत्येक आजाराची रक्कम ठरलेली. त्याला म्हणतात पॅकेज. पित्ताच्या खड्याचं एवढं, हर्नियाचं एवढं. खाट, औषध, दोरा, भूल, जेवण – सगळं त्यातच बसवायचं. वाचलं तर दवाखान्याचं, आणि त्यातला वाटा डॉक्टरांचा. आणि सोनोग्राफीचा कागद जोडल्याशिवाय मंजुरीच नाही.

खरं ते सांगतो – पहिल्या वर्षी भलं झालं. शंकेवर पोट उघडणं थांबलं. अपेंडिक्स आली सत्तरवर. पूर्वी सात-सात दिवस खाट अडवून बसणारी माणसं तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागली. घरचं जेवण, घरची माणसं. वाईट काय त्यात?

पण योजनेसोबत दवाखान्यात एक गृहस्थ आले. व्यवस्थापक. आडनाव शंभरकर! हसू नका, आडनाव आईबापांनी दिलेलं असतं. माणूस हुशार, सरळ, पान-तंबाखू काही नाही. योजनेचं नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. त्या पुस्तकातला एक नियम त्यांच्या जिभेवर कायम असायचा – एका भरतीत एकच पॅकेज. म्हणजे रोगी एकदा भरती झाला की त्याच्या एकाच ऑपरेशनचे पैसे मिळणार. दुसरं केलंत तर ते पदरचं!

आता येते आपल्या गोष्टीतली बाई. दुर्पदाबाई खिल्लारे. वय बावन्न. त्या गावात लाह्या-चुरमुऱ्यांची भट्टी तिची. नवरा तुळशीराम, दम्याचा. धुराजवळ उभा राहिला की खोकून खोकून लाल. म्हणून भट्टी बाईच्या अंगावर. मोठ्या कढईत वाळू तापवायची, त्यात ज्वारी टाकायची, लांब झाऱ्याने ढवळायचं, आणि वाळूसकट उचलून चाळणीवर ओतायचं. दिवसातून शंभर वेळा! बायांनो, तुम्हाला ठाऊक आहे – नागपंचमीला घरोघर लाह्या लागतात. पंचमीआधीचे आठ दिवस म्हणजे तिची वर्षाची कमाई.

ती दवाखान्यात आली दोन दुखणी घेऊन. एक, पित्ताशयात खडे. रात्र-रात्र लोळायची. दुसरं, बेंबीपाशी गाठ. हर्निया. खोकली की लिंबाएवढी बाहेर, आडवी झाली की आत.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "दुर्पदाबाई, खडे काढायलाच हवेत. थांबून चालणार नाही."

"काढा की. आन् ह्ये बेंबीचं?"

"तेही करायला हवं."

"मग येकदाच काय ते करून टाका, डाक्टर. पंचमी तोंडावर आलीया. मला भट्टीवर हुबं ऱ्हायचंय."

"भट्टी एवढ्यात नाही. पण बरोबर बोललात. एकाच भुलीत दोन्ही करू."

ऐकलंत? हे डॉक्टरांचे शब्द! विद्या बोलली. सगळं नीट झालं असतं. पण कागद मंजुरीला गेला आणि शंभरकर केबिनमध्ये आले.

"साहेब, खड्याची मंजुरी आली. हर्निया आत्ता नका करू."

"का?"

"एका भरतीत एकच. हर्नियाची जाळी आपल्यालाच आणावी लागेल, भूलतज्ज्ञ जास्त वेळेचे मागणार. सगळं पदरचं. पंधरा दिवसांनी परत भरती करा, नवीन पॅकेज मिळतं. रोग्याचा काय तोटा आहे, साहेब? तिलाही फुकटच ना!"

डॉक्टर म्हणाले, "तसं हर्निया काही तातडीचं नाही."

मंडळी, हे वाक्य खोटं आहे का? नाही! गाठ आत जात होती. तातडीचं नव्हतंच. शंकेला जागा होती, आणि शंका कुठे झुकली बघा!

बाईला सांगितलं, "आत्ता खडे. बेंबीचं पंधरा दिवसांनी. एका वेळी एक बरं असतं."

बाई म्हणाली, "तुमी म्हन्ता तर तसं."

ऑपरेशनचा दिवस. तिथे एक सिस्टर होत्या – मार्था साळवे. सव्वीस वर्षं त्या खोलीत काढलेली बाई. डॉक्टरांचा हात कधी पुढे येणार हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. बरगडीखाली चीर दिली, पित्ताशय काढलं, अकरा खडे निघाले. टाके घालायची वेळ आली. सिस्टर म्हणाल्या, "सर, बेंबी वीतभर खाली आहे. भूल आहे तोवर अर्ध्या तासाचं काम."

"मंजुरी नाही, सिस्टर."

सिस्टरांनी हातातला दोरा तसाच धरला. "मी मंजुरीचं नाही विचारलं, सर. पोटाचं विचारलं."

"दोरा द्या."

सिस्टरांनी दोरा दिला. पण बघा, मंजुरी नाही – हा शब्द कोणाचा? शंभरकरांचा! केबिनमधला शब्द ऑपरेशनच्या खोलीत आला. आणि आला कोणाच्या तोंडून? ज्याने अशिक्षित म्हातारीलाही कधी अरेतुरे केलं नाही त्याच्या!

तिसऱ्या दिवशी सुट्टी. योजनेची पद्धत अशी की घरी सोडताना रोग्याचा फोटो काढायचा. बरा झाल्याचा पुरावा! शंभरकर मोबाइल घेऊन उभे.

"हसा, बाई."

"टाके वढत्यात, सायेब."

"थोडंच हसा."

थोडंच हसली. फोटो निघाला. पॅकेज बंद!

जाताना सिस्टरांनी बजावलं, "जड उचलायचं नाही हं. दीड महिना."

बाई म्हणाली, "आवो सिस्टर, वाळू काय बिनवजनाची आस्ती व्हय?"

तुम्ही यावर काय बोलला असता? घरात दम्याचा नवरा आणि दारात पंचमी.

नवव्या दिवशी बाई भट्टीवर उभी राहिली. अकराव्या दिवशी दुपारी रिक्षातून दवाखान्यात आली. आली म्हणजे आणली. पाठीशी तुळशीराम, खोकतोय आणि रडतोय, दोन्ही एकदम. बाईला सारख्या उलट्या. पोट फुगलेलं. बेंबीची गाठ बाहेर आली होती आणि आत जात नव्हती. कवठासारखी कडक. वरची कातडी निळसर. आतडं बेंबीपाशी पोटाला पडलेल्या भोकात अडकलं होतं. रक्त पोचत नव्हतं. अशा वेळी, मंडळी, घड्याळ लावून बसतात. चार-सहा तास. मग आतडं काळं पडतं. आणि काळं पडलेलं फुटलं, तर माणूस जातो!

इथे मी जरा थांबतो. कारण आता डॉक्टरांच्या हातात एक जीव आहे, आणि केबिनच्या दारात शंभरकर.

"साहेब, ही आपली खड्यांवालीच ना? अकरावा दिवस. पंधरा दिवसांच्या आत तोच रोगी, तेच पोट. योजनावाले म्हणतील पहिल्याच ऑपरेशनची गुंतागुंत. एक पैसा मंजूर होणार नाही. आतडं कापायला लागलं तर किती दिवस पडून राहील, धरा. जिल्ह्याला पाठवू. तिथे सगळी सोय आहे. आणि खरं सांगा, तिथे जास्त चांगलं नाही का होणार?"

बघा कसं विचारलं! जास्त चांगलं नाही का होणार? प्रश्न रोग्याच्या भल्याचाच!

जिल्हा चौसष्ट किलोमीटर. मधे घाट. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. पुढे पाठवायच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं. नाव लिहिलं – दुर्पदा तुळशीराम खिल्लारे. वय लिहिलं. मार्था सिस्टर समोर उभ्या.

"सर, घाटातून दोन तास. तिथे केसपेपर काढून टेबलावर जाईपर्यंत आणखी दोन."

डॉक्टर लिहितायत.

"सर, अडकलेलं आतडं किती वेळ तग धरतं, हे मला तुम्हीच शिकवलंत."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला. बारीक. दुर्पदाबाईचा. शुद्धीवर होती ना. तिला वाटलं, डॉक्टर आपल्यावर चिडलेत. का चिडले असतील? तिने तिचा तर्क केला.

म्हणाली, "डाक्टरसाहेब... तुमी पंदरा दिस म्हनला हुता. अकराच झालं. मी चार दिस अदुगर आले. रागावू नका."

मंडळी!

ज्याने चूक केली तो खुर्चीत बसलाय. जिला ती भोगावी लागली ती स्ट्रेचरवरून माफी मागतेय. लवकर आले म्हणून!

पेटीवाले, सूर राहू द्या. इथे सूर लागत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली वगैरे नाही. ते नाटकात होतं. चिठ्ठी अर्धी लिहिलेली तशीच राहिली. पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "सिस्टर, टेबल लावा. भूलतज्ज्ञांना फोन करा, मी सांगितलंय म्हणून सांगा."

शंभरकर म्हणाले, "साहेब, मंजुरी..."

डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे मागा. मी देतो मंजुरी. ऑपरेशनलाही आणि खर्चालाही."

पावणेतीन तास ऑपरेशन चाललं. वीतभर आतडं काळं पडलं होतं. कापलं, जोडलं. जे काम अकरा दिवसांपूर्वी अर्ध्या तासात होत होतं, त्याला पावणेतीन तास! बाई चौदा दिवस खाटेवर. पंचमी आली आणि गेली, भट्टी बंद. तुळशीराम एक दिवस उभा राहिला भट्टीवर, संध्याकाळी शेजारच्या खाटेवर तोही! लाह्या लोकांनी दुसऱ्या गावाहून आणल्या. बाई वाचली. पण एवढं ध्यानात ठेवा, ती पहिल्यासारखी झाली नाही. वाळू उचलणं कायमचं बंद. पुढे भट्टी विकली आणि बसस्टँडवर दुसऱ्यांच्या चुरमुऱ्यांची टोपली घेऊन बसू लागली.

पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची सभा. शंभरकरांनी उभं राहून सांगितलं, या एका रोग्यापायी दवाखान्याला किती झळ बसली. आकडा बरोबर होता. त्यांचे आकडे कधी चुकायचे नाहीत. अध्यक्ष डॉक्टरांकडे वळले. "मुळ्ये, शंभरकरांना काढू का?"

डॉक्टर म्हणाले, "काढा, आणि उद्या दुसरे आणा. तेही नियमाचंच पुस्तक वाचतील. त्यांनी फक्त सांगितलं, अध्यक्ष. दोरा मी मागितला."

मग ते पाचही विश्वस्तांकडे वळले.

"तुम्ही मला ऑपरेशनमागे पैसे देत होतात, तेव्हा मी जरुरीपेक्षा जास्त कापलं. पॅकेजातला वाटा दिलात, तेव्हा एका बाईला दोन हप्त्यांत कापायला निघालो. आणि दोन्ही वेळा रात्री मला शांत झोप लागत होती. मला भीती त्या झोपेची वाटते."

अध्यक्ष म्हणाले, "मग महिन्याचा पगार घ्या. ऑपरेशन करा, नका करू, पगार तोच."

"घेतो. पण आत्ताच सांगून ठेवतो – पगारावर मी तीन वाजता घरी जायला लागेन. उद्या या, परवा या, जिल्ह्याला जा, म्हणायला लागेन. मला मनापासून वाटेल की रोगी थांबू शकतो. ते बघायला कोणीतरी ठेवा."

एक विश्वस्त हसले. "तुमच्यावर लक्ष ठेवणार कोण? तुमच्यापेक्षा मोठा डॉक्टर आणायचा कुठून?"

"मोठा नको. मार्था सिस्टर आहेत. ऑपरेशनच्या आधी आणि सुट्टीच्या आधी त्या म्हणाल्या थांबा, तर मी थांबायचं. कारण सांगेन, त्यांना पटलं तर पुढे. आणि प्रत्येक रोग्याला महिन्याने बोलवा. फोटो नको. त्याला विचारा, कामावर गेलात का?"

सिस्टरांना आत बोलावलं. सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि माझा पगार कोण ठरवणार? शंभरकर?"

मंडळी, सभेत सगळे हसले. शंभरकरसुद्धा हसले. पण अख्ख्या सभेत मुद्द्याचा प्रश्न विचारला तो याच बाईने! तिचा पगार कशाला बांधला, त्यावर ती थांबा कधी म्हणणार हे ठरणार नाही का? अध्यक्षांनी तो विषय स्वतःकडे घेतला. शंभरकरांच्या हातात ठेवला नाही.

मग सगळं गोड झालं का? नाही. ऑपरेशनं तिसऱ्या हिश्शाने कमी झाली. साध्या हर्नियाला दोन-दोन महिने थांबायची पाळी आली. लोक कुरकुरले. डॉक्टर तीन वाजता घरी जायला लागले, जसं म्हणाले होते तसंच! पहिल्या वर्षात सिस्टरांनी त्यांना एकोणीस वेळा दारातून परत बोलावलं. सतरा वेळा ते आले. दोन वेळा आले नाहीत. त्या दोन्ही वेळचे रोगी वाचले, हे त्या दोघांचं नशीब. डॉक्टरांचं पुण्य नव्हे. हेही सांगितलं पाहिजे.

तेव्हा काका, तुमचं उत्तर काय आता? माणूस चांगला होता. काम तीनदा बदललं!

आता मुळ्ये डॉक्टरांना सोडा. तुमच्याकडे वळतो. कुठे बघताय? मागे कोणी नाही, तुम्हीच आहात!

गेल्या आठवड्यात ताप आला, दवाखान्यात गेलात. डॉक्टरने जीभ बघितली, पोट दाबलं, छाती ऐकली, चार प्रश्न विचारले. पंधरा मिनिटं. आणि म्हणाला, "साधा ताप आहे. पाणी प्या, पडून राहा, तीन दिवसांत उतरेल." औषध नाही, सुई नाही. आणि मग म्हणाला, दोनशे रुपये. काय केलंत? तोंड वाकडं केलंत! "नुसतं बघायचे दोनशे?" घरी येऊन शेजारणीला सांगितलंत, "त्याच्याकडे जाऊ नकोस, सुईसुद्धा देत नाही." आणि गेलात पलीकडच्या गल्लीत. तिथे काही न विचारता सलाईन लावलं, पिवळं औषध घातलं, हजार घेतले. आनंदाने दिलेत! वर सांगितलंत, "पिवळी बाटली लावली हो, लगेच हुशारी आली!" तीन दिवसांत ताप उतरला. उतरणारच होता!

त्या पहिल्या डॉक्टरला काय शिकवलंत तुम्ही? त्याच्या विद्येला पैसे नाहीत, त्याच्या बाटलीला आहेत. त्यालाही मुलं आहेत, दुकानाचं भाडं आहे. सहा महिन्यांनी तोही बाटली लावील. मनापासून लावील! आणि मग तुम्ही याच देवळात येऊन मला सांगाल, बुवा, डॉक्टर लोक हल्ली फार लुटतात.

विश्वस्त कोण, मंडळी? पाचच का? प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात पैसे कशाचे द्यायचे हे ठरवणारा विश्वस्त खिशात हात घालून बाकावर बसलेला असतो.

देवापाशी आज मी आरोग्य मागत नाही, आयुष्य मागत नाही. एवढंच मागतो – उद्या तुमच्यातल्या कुणाला डॉक्टर म्हणाला, "काही करायची गरज नाही, घरी जा," तर त्याच्यासमोर पैसे ठेवताना तुमचा हात मागे येऊ नये.

उठा. आरती लागली.